गंजक्या पद्मिनीचा घरगुती जीर्णोद्धार : साहित्य आणि कृती

वाढणी : चार माणसे, शिवाय धक्का मारायला दोन.
लागणारा वेळ : दोन महिने. (हे महिने सलग नसतात.)

वाण निवडणे

जीर्णोद्धारासाठी कोणतीही जुनी गाडी चालते, परंतु नवशिक्याने प्रीमियर पद्मिनी घ्यावी. मूळ बियाणे इटलीचे, फियाट ११००चे, लागवड कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून हे रूप बनू लागले, १९७४ साली त्याला चितोडच्या राणीचे नाव मिळाले आणि २००० सालाच्या आसपास ते बनायचे थांबले. त्या काळी गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. आता पाळी गाडीची आहे. कुठल्याशा शेडमध्ये किंवा आंब्याखाली, चारही चाके बसलेल्या अवस्थेत, ती तुमच्यासारख्या माणसाची वाट पाहत असते.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी उतरली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. पाणावलेल्या डोळ्यांनी गाडी घेऊ नये, हा पहिला नियम. मी तो नोव्हेंबरातच मोडला. अलिबागला मावशीच्या वाडीत काकांची १९८६ची पद्मिनी चौदा पावसाळे उभी होती.

"मावशी, गाडी देतेस का?"

"ने की. पण मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलीय. तिची पिल्लं निघू देत, मग ने."

एकवीस दिवस थांबलो आणि मग गाडी पुण्याला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली. पद्मिनीच्या जुन्या प्रतीक्षायादीच्या मानाने हे काहीच नव्हते.

साहित्य

पद्मिनी, चांगली मुरलेली : १ नग.
दहा-अकरा, बारा-तेरा व चौदा-पंधराचे पाने : प्रत्येकी दोन. (एक हरवण्यासाठी.)
डिझेल, गंजलेले नट भिजवायला : दोन लिटर.
आइसक्रीमचे रिकामे डबे, झाकणासकट : तीस. डबे रिकामे करण्यात घरातल्यांचे सहकार्य मिळते. एवढ्याच टप्प्यावर मिळते.
फ्रिजवरचा मॅग्नेट : १. आमचा गणपतीचा होता.
जुना पंचा, स्वच्छ धुतलेला : १. हा कशाला, ते शेवटी कळेल. मलाही शेवटीच कळले.

पायरी पहिली : निदान

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. त्यात समुद्राचे मीठ पडले की तो घाई करतो. अलिबागेत चौघेही वर्षभर मुक्कामाला असतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखालून फुगून वर येतो. रंगावर वाटाण्याएवढा फोड दिसला की आत बटाट्याएवढे भोक गृहीत धरावे.

गंज कुठे शोधावा? जिथे पाणी साचते तिथे. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोके असतात, ती पाचोळ्याने बुजतात. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने जातो. डिकीत स्टेपनीखालचा जातो. पायांखालचा तर हटकून जातो, कारण वर मॅट असते आणि मॅटखाली काय आहे हे बघण्याची कोणाची हिंमत नसते. मी मॅट उचलली. खाली सोसायटीचे पेव्हर ब्लॉक दिसले.

जिथे पत्रा दिसतो तिथेही तो असतोच असे नाही. मागच्या मालकांनी भोकांत लांबी भरून वर रंग मारलेला असू शकतो. इथे मॅग्नेट कामाला येतो. लांबीत लोखंड नसते, त्यामुळे त्या जागी मॅग्नेट धरत नाही. मी गणपती घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. बॉनेटवर गणपती घट्ट बसला, छतावर बसला. मागच्या चाकाच्या कमानीवर ठेवला आणि तो अलगद घरंगळत खाली आला. डाव्या दाराखालीही तेच. जिथे देव धरत नाही तिथे पत्रा नाही, अशी नोंद वहीत करून मी गाडीवर खडूने फुल्या मारल्या. अकरा झाल्यावर खडू ठेवून दिला.

पायरी दुसरी : खोलणे

ही कृतीतली सर्वांत सोपी आणि सर्वांत आनंदाची पायरी. आदल्या रात्री नटांवर डिझेल सोडावे. सकाळी पाना लावावा. नट फिरला तर उत्तम. न फिरता बोल्टच तुटला तरी तो भाग सुटतोच, म्हणजे हेतू साध्य होतो.

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढावा आणि त्याचे नटबोल्ट डब्यात घालून झाकणावर नाव लिहावे. 'डावा बंपर', 'वायपर', 'उजवी काच' अशी स्पष्ट नावे लिहावीत. माझ्याकडे आजही एका डब्यावर 'हे तिथले' असे लिहिलेले आहे. अक्षर माझेच आहे.

आठवड्याभरात गाडी पार्किंगच्या एका चौकोनातून दोन चौकोनांत पसरते. या टप्प्यावर सोसायटीचे सेक्रेटरी येऊन "भंगारवाल्याला बोलावलंय का?" असे विचारतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवावे. त्यांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती, असे निघते. निघतेच. मग पुढचे सहा महिने शांततेत जातात.

पायरी तिसरी : पत्रेकाम

इथे चेष्टा थांबवून एक गोष्ट सांगतो. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. तळ, दाराखालचे पत्रे, खांब आणि छत मिळून तिचा सांगाडा होतो. म्हणजे तळ कापला की तुम्ही फरशी नव्हे, तर वाड्याची तुळई काढता. म्हणून आधी दारांच्या मोकळ्या जागेत लोखंडी अँगल आडवे टाचून घ्यावेत, गाडी सपाट जमिनीवर चार ठिकाणी नीट टेकवावी, आणि एका वेळी एकाच बाजूचा पत्रा कापावा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढावी. पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवावी आणि तिला घरी वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीहून वाईट.

हे सगळे मला माहीत होते. मी अँगल मात्र लावला नाही, कारण तो आणायला गेलेला मुलगा दुपारी येणार होता आणि वेल्डर सकाळीच आला होता. नवा तळ झकास बसला. संध्याकाळी डावे दार लावायला गेलो तर ते खांबाच्या बोटभर अलीकडेच थांबले. गाडी मधोमध किंचित वाकली होती, फार वेळ रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखी. वेल्डर शांतपणे म्हणाला, "साहेब, जॅक लावून उचला. मग लागतंय दार." खरेच लागले. पुढचे चार महिने, सगळे पुन्हा कापून जोडेपर्यंत, डाव्या बाजूने बसणाऱ्या पाहुण्यांसाठी मी जॅक लावत असे.

कापून उरलेल्या पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासावा. खळग्यांत राहतो त्यावर फॉस्फोरिक ॲसिड असलेले द्रावण लावावे. ते गंजाचे काळपट फॉस्फेट करते. मग लगेच रेड ऑक्साइड. 'लगेच' या शब्दाचा अर्थ 'चहा पिऊन' असा नाही.

पायरी चौथी : रंग

आधी ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग दोनशेवीस, मग चारशे. लांबी शक्य तितकी पातळ द्यावी. तुमच्याआधीच्या सर्व मालकांनी हाच निश्चय केला होता.

पावसाळ्यात रंग मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दमट हवेतले पाणी धरते आणि रंगाला पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात मारावा, तर धूळ. हिवाळ्यात मारावा, तर संध्याकाळी डास. माझ्या बॉनेटवर, सूर्य कलताना तिरप्या नजरेने पाहिल्यास, पुण्याच्या डासांच्या एका पिढीचा समूहफोटो आहे.

पायरी पाचवी : इंजिन

चार सिलिंडर, १०८९ सीसी, सुमारे चाळीस अश्वशक्ती. चौदा वर्षे उभे राहिल्यावर अश्व जागेवर चिकटलेले असतात. प्लग काढून भोकांत थोडे ऑइल सोडावे आणि काही दिवस तसेच राहू द्यावे. मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळूच फिरवावे. स्टार्टर मारायची घाई करू नये.

सुटे भाग नाना पेठेत मिळतात. तिथे मिळाले नाहीत तर रविवारी आणि बुधवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात मिळतात. मला तिथे एक वायपरची मोटार मिळाली. घरी आणून लावल्यावर चालली नाही. पुढच्या रविवारी त्याच माणसाने ती माझ्याकडून निम्म्या किमतीत परत घेतली आणि माझ्यादेखत दुसऱ्याला पूर्ण किमतीत विकली. या व्यवहारात बाजाराची काही चूक नाही.

जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलावा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि १९८६च्या रबराला उसाची सवय नाही. पॉइंटची फट फीलर गेजने मोजावी. ते नसल्यास जुने ड्रायव्हर व्हिजिटिंग कार्डाची जाडी चालवून घेत. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लावाव्यात. मी शाळेत शिकवलेल्या क्रमाने लावल्या. पहिल्याच स्टार्टरला सायलेन्सरमधून असा बार निघाला की तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून "विसर्जन आज आहे का रे?" असे विचारले.

पायरी सहावी : बदल

गाडी सुरू झाली की माणसाला सुधारणेची हौस येते. ही हौस कोणत्या क्रमाने चढते, ते मी स्वतःवर प्रयोग करून नोंदवले आहे.

आधी वाटते, चाके जरा रुंद असावीत. रुंद चाकांनी स्टिअरिंग जड होते, म्हणून पॉवर स्टिअरिंग हवे. वेग वाढेल म्हणून पुढे डिस्क ब्रेक हवेत. स्टिअरिंगला असलेला गिअरदांडा खाली फरशीवर आणावा. घरचे म्हणतात, निदान एसी तरी बसव. एसी बसवला की चाळीस अश्व माना टाकतात, म्हणून एखाद्या मारुतीचे इंजिन घालावे. असे सगळे वहीत मांडून मी खर्चाची बेरीज केली, आणि मग तयार होणाऱ्या गाडीचे वर्णन एका ओळीत लिहिले : पॉवर स्टिअरिंग, एसी, डिस्क ब्रेक, फरशीवर गिअर, सकाळी एका चावीत सुरू. वाचल्यावर ओळखीचे वाटले. ही गाडी माझ्याकडे आधीच होती. पद्मिनीच्या शेजारी, पावसात भिजत.

कायद्याचेही मत पडते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी हवी. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांत 'व्हिंटेज' नोंदणी आहे, वीस हजार रुपये शुल्काची, पण तीही मूळ रूप राखलेल्या गाडीलाच, आणि ती घेतल्यावर रोज फिरवता येत नाही. माझी गाडी २०३६ साली पन्नाशीची होईल. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेस, नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर. मी बेरजेचे पान फाडले.

पायरी सातवी : चाचणी

तयार गाडी जिथून आणली तिथे नेऊन दाखवण्याची पद्धत आहे. एप्रिलात अलिबागला गेलो. मावशीने गाडीभोवती एक फेरी मारली, दार लावून पाहिले (लागले), आणि मागच्या सीटचे नवे रेक्झिन चाचपत म्हणाली, "छान केलीस. आता हिच्यात कोंबडी काही बसायची नाही."

परतताना खोपोली सोडली आणि बोरघाटाच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, भर दुपारी गाडी आचके देऊन थांबली. पेट्रोल होते. ठिणगी होती. मी दोन-तीन वर्षांची विद्या आठवत बॉनेटखाली डोके घालून उभा राहिलो. मागून आलेला एक ट्रक पुढे जाऊन थांबला. पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर उतरला, त्याने आत पाहिले आणि एकच प्रश्न विचारला.

"फडकं कुठंय?"

"कसलं फडकं?"

त्याने माझ्याकडे, गाडीची आरसी चोरीची असावी अशा नजरेने पाहिले. डिकीतून तो जुना पंचा उपसला, माझ्या पिण्याच्या पाण्यात भिजवला, पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला आणि बिडी पेटवायला लांब जाऊन उभा राहिला. उन्हाने आणि इंजिनच्या धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. ओले फडके माठासारखे काम करते : पाणी उडते, जाताना उष्णता घेऊन जाते. बिडी संपली. "मारा स्टार्टर." गाडी सुरू झाली. पैसे देऊ केले तर म्हणाला, "पंचा ओला ठेवा म्हणजे झालं."

तात्पर्य, सर्व विचारांती मी पद्मिनीत एकच बदल केला आहे. बॉनेटखाली, पंपाच्या वरच्या बाजूला, पंचा अडकवायला एक हुक. किंमत बारा रुपये. आरटीओत विचारून आलो. कलम ५२ची त्याला हरकत नाही. खिडकीतल्या साहेबांनी फक्त एवढेच सुचवले की हुक डावीकडे घ्या, उजवीकडे पंचा फॅनमध्ये जातो. त्यांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती.