बिनपगारी जनरल मॅनेजर

टोरांटोत फेब्रुवारी सरता सरता रस्त्याकडेचा बर्फ काळा पडतो आणि चांगली चांगली माणसं बिघडतात. एरवी वेळेवर कर भरणारे, शेजाऱ्याच्या दारातला बर्फ न सांगता उपसून देणारे गृहस्थ बसमध्ये, लिफ्टमध्ये, देवळातल्या चपलांच्या कपाटापाशी थांबून बोलू लागतात, "तो एकोणीस वर्षांचा फिनलंडचा पोरगा देऊन टाकू. वर एक फर्स्ट राउंड. आणि तो चौतीस वर्षांचा घेऊ. अर्धा पगार तेच भरतील." पुण्याहून पहिल्यांदाच लेकीकडे आलेल्या एका आजींनी हे ऐकलं आणि जावयाला बाजूला घेऊन विचारलं, की ही मंडळी नेमका धंदा काय करतात?

धंदा काही नाही. हे टोरांटो मेपल लीफ्सचे भक्त. लीफ्स हा बर्फावरच्या हॉकीचा संघ, आणि नॅशनल हॉकी लीगमधला सर्वांत जुना दुखणाईत. स्टॅनली कप, म्हणजे लीगचा करंडक, त्यांनी शेवटचा जिंकला तो 1967 साली. तेव्हा लीगमध्ये संघच सहा होते. आज 32 आहेत, आणि त्यांत इतका लांब उपास दुसऱ्या कुणाचा चालू नाही. दर मार्चच्या सुरुवातीला एक दिवस असा येतो, की दुपारचे तीन वाजले की अदलाबदलीचं दार बंद. त्यानंतर आणलेला गडी प्लेऑफला चालत नाही. त्या तीनपर्यंतचे आठवडे हा या जमातीचा खरा मोसम.

आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या पोरांची सात फेऱ्यांत निवड होते. तळाच्या संघांना आधी हात घालायला मिळतो. निवडण्याच्या त्या हक्काला पिक म्हणतात आणि तोही विकता येतो. म्हणजे आज दहावीत असलेल्या, कुणी नावही न ऐकलेल्या मुलाच्या बदल्यात या रविवारी खेळायला उभा राहील असा बाप्या आणता येतो. पगारावर छत आहे, 2025-26 साली ते 95.5 दशलक्ष डॉलरचं होतं, त्यामुळे नुसते पैसे फेकून भागत नाही. काहीतरी सोडावं लागतं. आणि काय सोडावं, यावरून भक्तांचे दोन पंथ पडले आहेत: यंदावाले आणि थांबावाले.

यंदावाल्याला कप यंदा हवा. त्याच्या मते पोरं म्हणजे नुसती आशा, आणि आशेवर तो 1967 पासून जगतो आहे. तो कॅनडात 1998 मध्ये आला असला तरी. आमच्या मिसिसागातले एक काका या पंथाचे आद्य पुरुष. मूळचे नाशिकचे, विमा कंपनीत हिशेबाचं काम, निवृत्ती तोंडावर आलेली. लीफ्सचे पुढच्या चार वर्षांचे पिक ते डोळ्यांची पापणी न हलवता उडवतील. मात्र स्वतःचा पैसा सगळा जीआयसीत, म्हणजे इकडच्या मुदत ठेवीत, पाच पाच वर्षं कुलूपबंद. शेअर घ्या म्हटलं तर म्हणतात, "नको रे बाबा, उगाच जोखीम कशाला?"

थांबावाला वयाने लहान असतो. आमच्याकडचा पस्तिशीचा आहे, बँकेच्या कचेरीत सॉफ्टवेअरचं काम करतो, आणि संघ 2029 मध्ये जिंकेल यावर त्याची श्रद्धा आहे. तोपर्यंत एकाही पोराला हात लावायचा नाही. मागवलेलं जेवण दहा मिनिटं उशिरा आलं तर तो पैसे परत मागतो. पण कुठल्याशा अठरा वर्षांच्या डाव्या हाताच्या बचावपटूसाठी चार हिवाळे थांबायची त्याची तयारी आहे. या पोरांची माहिती तो सांगतो ती थेट स्थळाच्या थाटात: उंची सहा फूट दोन इंच, वजन अजून भरेल, स्वभाव शांत, वडीलही खेळलेले, मामा प्रशिक्षक, घराणं चांगलं. मुलगा प्रत्यक्ष पाहिलेला कुणीच नसतो. वीस सेकंदांची एक चित्रफीत असते. तीत तो कुठल्याशा रशियन गावात तिघांना चकवून गोल मारतो आणि तिथेच ती संपते. पुढच्या मिनिटाला त्याने काय दिवे लावले, ते चित्रफितीत नसतं.

दोघांची गाठ शनिवारी सकाळी टिम हॉर्टन्समध्ये पडते. जागा अगदी योग्य. 1964 मध्ये हे दुकान काढणारा टिम हॉर्टन स्वतः लीफ्सचा बचावपटू, आणि 1967 च्या त्या संघात होता, वय 37. काका ही गोष्ट दर शनिवारी सांगतात. कॉफीच्या कपावरच्या नावावर बोट ठेवून सांगतात.

"सदतीस! आणि गोलात जॉनी बॉवर, बेचाळीस! अ‍ॅलन स्टॅनली एक्केचाळीस, रेड केली एकोणचाळीस. कप कुणी आणला? म्हाताऱ्यांनी आणला."

"काका, तेव्हा सहा संघ होते."

"मग? सहांत तरी पहिले आलो ना!"

याला थांबावाल्याकडे उत्तर नसतं. मग तो खिशातून दाखले काढतो. त्याचे दाखले भयंकर आहेत आणि, सांगायला वाईट वाटतं, सगळे खरे आहेत. 1989 मध्ये लीफ्सनी टॉम कर्व्हर्स नावाच्या बचावपटूसाठी 1991 चा पहिल्या फेरीचा पिक न्यू जर्सीला दिला. कर्व्हर्स दोन मोसमही पुरे टिकला नाही. त्या पिकवर न्यू जर्सीने स्कॉट नीडरमायर उचलला, आणि त्याने पुढे चार कप जिंकले. 2006 मध्ये अँड्र्यू रेक्रॉफ्ट या गोलरक्षकासाठी बॉस्टनला ट्युक्का रास्क हा पोरगा दिला. 2009 मध्ये फिल केसेलसाठी पुन्हा बॉस्टनलाच पहिल्या फेरीचे दोन पिक दिले. त्यांतून टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन निघाले. मग मे 2013. निर्णायक सातवा सामना, समोर बॉस्टन, शेवटचं सत्र, लीफ्स 4-1 ने पुढे. तिथून 5-4 ने हरले. समोरच्या गोलात रास्क. समोरच्या संघात सेगिन आणि हॅमिल्टन. आपल्याच घरची पोरं आपल्याच छाताडावर.

"आणि केसेलने कप जिंकला की नाही?" काका मध्येच तोंड घालतात.

"जिंकला. सलग दोन. पिट्सबर्गला गेल्यावर."

यावर थोडा वेळ दोघेही कॉफी पितात.

पण काका गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांच्याकडे डग गिलमोर आहे. जानेवारी 1992, कॅलगरीबरोबर एकूण दहा जणांची अदलाबदल, आणि त्यातून आलेला हा बारकेला गडी. पुढच्याच मोसमात त्याने 127 गुण केले आणि संघ कपच्या अंतिम मालिकेपासून एका सामन्यावर येऊन थांबला. तो सामना लॉस एंजेलिसकडून हरलो. त्याच्या आदल्या सामन्यात वेन ग्रेट्झकीची स्टिक गिलमोरच्या हनुवटीला लागून रक्त आलं आणि पंच केरी फ्रेझर यांनी शिक्षा दिली नाही. काका तेव्हा नाशिकला होते, हॉकी म्हणजे त्यांच्या लेखी ध्यानचंद. तरी त्या पंचाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा होतो, की भाऊबंदकीतली जमीन यानेच हडपली असावी.

वादाला रंग चढला की टिमबिट्सचा डबा उघडला जातो. टिमबिट्स म्हणजे सुपारीहून थोडे मोठे गोल गोड गोळे. चॉकलेटचा तो पहिल्या फेरीचा पिक, साखरेत घोळवलेला दुसऱ्या फेरीचा, साधे ते पोरगे. टिश्यू पेपरच्या मधोमध पेनाने रेघ. अलीकडे टोरांटो, पलीकडे फिलाडेल्फिया. काका दोन चॉकलेटचे आणि एक साधा पलीकडे ढकलतात. थांबावाला एक चॉकलेटचा परत ओढतो. "अट घाला काका, अट! पहिल्या दहांत आला तर आपल्याकडे राहील." काका पगाराचा हिशेब मांडू लागतात: विकणारा संघ निम्मा पगार ठेवील, बाकीचा आपण बसवू. विमा कंपनीत इतक्या वर्षांत त्यांनी इतक्या तन्मयतेने बेरीज केली नसेल. या धांदलीत शेजारच्या टेबलावरचे, दर शनिवारी हे सगळं फुकट ऐकणारे ट्रकवाले सरदारजी हात लांबवतात आणि 2027 चा फर्स्ट राउंड तोंडात टाकतात.

सरदारजींचंही मत असतंच. शनिवार रात्रीच्या हॉकीचं समालोचन 2008 पासून पंजाबीतही होतं, त्यामुळे त्यांची जाण घरच्या भाषेतली आहे. काकाही तेच ऐकतात. मराठीत होत नाही, आणि इंग्रजीत म्हणे मजा नाही. आता गोल झाला की काका पंजाबीत ओरडतात आणि हरल्यावर मराठीत.

माझं मत कुणी विचारत नाही. विचारलंच तर सांगेन की थांबावाल्याचं गणित बरोबर आहे आणि काकांचं वय बरोबर आहे. साठीच्या माणसाला 2029 साल दाखवणं बरं नव्हे.

गंमत अशी, की आणलेल्या त्या अनुभवी गड्यावर काकांचं प्रेम फार तर जूनपर्यंत टिकतं. फेब्रुवारी 2023 मध्ये सेंट लुईसहून रायन ओरायली आला. काकांनी त्याच आठवड्यात 90 नंबरची निळी जर्सी घेतली, पाठीवर नाव शिवून. लीफ्सनी टॅम्पाला हरवून एक फेरी जिंकली, 2004 नंतर पहिल्यांदा, आणि पुढच्या फेरीत फ्लोरिडाने पाचच सामन्यांत घरी बसवलं. 1 जुलैला ओरायली नॅशव्हिलला निघून गेला. जर्सी राहिली. काकूंनी बारीक कात्रीने एकेक टाका उसवून नाव काढलं, पण अक्षरांखालचं कापड कोरं करकरीत निळं आणि भोवतालचं धुऊन विटलेलं, त्यामुळे नाव आता जास्तच ठसठशीत वाचता येतं. काका ती बर्फ उपसताना घालतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढं देऊ नका."

म्हटलं नव्हतं. पण इथेच या जमातीची खरी हातोटी आहे. गडी आणला आणि हरलो, तर पोरं फुकट घालवली. गडी आणला नाही आणि हरलो, तर हातात संधी असून दवडली. संघ काहीही करो, भक्ताचं म्हणणं खरं ठरतं. 1967 पासून संघाची हार चुकलेली नाही आणि भक्ताची एकही झालेली नाही. कप खरोखर आला तर या माणसांचं काय होईल, याची मला काळजी वाटते.

पाहुण्यांचे हाल वेगळे. भारतातून कुणी आलं की काका त्यांना नायगाऱ्याच्या आधी चर्च आणि कार्लटन रस्त्यांच्या नाक्यावरच्या एका किराणा दुकानात नेतात. हे पूर्वीचं मेपल लीफ गार्डन्स. 1931 पासून 1999 पर्यंत लीफ्सचं घर, 2 मे 1967 चा तो विजय इथलाच. आता खाली लॉब्लॉजचं दुकान आहे आणि मैदानाचा मध्यबिंदू होता तिथे फरशीवर लाल ठिपका. डबाबंद मालाच्या फळ्यांमध्ये काका त्या ठिपक्यावर पाय जुळवून उभे राहतात. मागे ट्रॉल्यांची रांग लागते. पाहुणे सुकामेवा घेऊन येतात.

अदलाबदलीच्या अखेरच्या दिवशी काका घरून काम करतात, म्हणजे करत नाहीत. टीव्हीवर सकाळपासून दहा माणसं कोट घालून बसलेली असतात आणि आपापल्या फोनकडे बघत असतात. काका त्या दहा माणसांकडे बघत बसतात. काही घडत नाही. अकराला कुणीतरी एक चौथ्या फळीचा गडी सहाव्या फेरीच्या पिकला विकतो आणि त्यावर अर्धा तास चर्चा होते. पोहे गार होतात. मार्च 2025 मध्ये मात्र त्या दिवशी खरोखरच धमाल उडाली. फिलाडेल्फियाहून स्कॉट लॉटन आला. हा ओकव्हिलचा, म्हणजे आमच्या शेजारच्या गावचा, त्यामुळे काकांना माहेरचं माणूस आल्याचा आनंद. त्यासाठी निकिता ग्रेबेनकिन हा पोरगा आणि अटींसह 2027 चा पहिला पिक गेला. बॉस्टनहून ब्रँडन कार्लो आला; त्यासाठी फ्रेझर मिंटन आणि 2026 चा पहिला पिक गेला. थांबावाल्याने दिवसभर फोन बंद ठेवला. पुन्हा बॉस्टन, पुन्हा पहिला पिक! मेमध्ये फ्लोरिडाने सातव्या सामन्यात, टोरांटोत येऊन, 6-1 ने हरवलं.

मग उरली ती 2026 च्या पिकवरची अट. तो पहिल्या पाचांत आला तर बॉस्टनला मिळणार नव्हता, टोरांटोकडे राहणार होता. या अटीने दोन्ही पंथांना एका टेबलावर आणलं. संघाला कीड लागली आहे असं दिसू लागताच थांबावाल्याने टिश्यू पेपर पुढे ओढला.

"थोडं हरून उपयोग नाही, काका. थोडं हरलो तर पिक बॉस्टनला. हरायचं तर भरपूर हरायला हवं."

"भरपूर म्हणजे किती?"

"तळाच्या पाचांत. मग पिकच्या क्रमांकांच्या सोडतीत नशीब."

काकांनी वेळापत्रक काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट खाली खाली नेत एका तारखेवर थांबले.

"इथे तर आपली गाठ बॉस्टनशीच आहे."

"मग हरायचं."

"बॉस्टनकडून?"

"बॉस्टनला पिक मिळू द्यायचा नसेल तर बॉस्टनकडून हरायलाच हवं ना, काका."

काकांनी बराच वेळ त्या वेळापत्रकाकडे पाहिलं. मग डब्यातला शेवटचा चॉकलेटचा टिमबिट उचलला, सरदारजींचा हात यायच्या आत, आणि म्हणाले, "दोन-एकने हरू. सहा-एकने नको."