एफ-फाइव्हमुक्त जीवन

एफ-फाइव्ह दाबणारी माणसं मला अलीकडे जरा मागास वाटतात. बटणाचा रंग बदलायचा, सेव्ह करायचं, ब्राउझरवर जायचं, मग बोट ताणून एफ-फाइव्ह... अरेरे! माझ्याकडे सेव्ह केलं की वॉचर वेबसॉकेटवरून ब्राउझरला खबर देतो आणि पान आपोआप बदलतं. हे जमवण्यात अख्खा शनिवार गेला, वाचतात ती दिवसाची चार मिनिटं. पण असले हिशेब कारकुनांनी करावेत.

पूर्वी माझ्याकडे लाइव्हरीलोड होतं, पोर्ट 35729. कसलं रुक्ष! हल्ली वीट आहे, इव्हान यू यांनी 2020 साली आणलेलं. (नावावर कोटी करू नका, सगळ्या करून झाल्या आहेत.) त्याचा पोर्ट 5173. का? पाच म्हणजे रोमन व्ही, एक म्हणजे आय, सात म्हणजे एक हात गळालेला टी आणि तीन म्हणजे उलटा ई! हे मी एका मुंजीच्या पंगतीत जिलबीच्या पाकात बोट बुडवून ताटावर काढून दाखवलं. शेजारच्या गृहस्थांनी मठ्ठा मागवला. मी पुन्हा, जरा मोठ्या अक्षरांत काढलं. ते जेवण आटोपतं घेऊन उठले.

दुखणं एकच. एडिटरचं ऑटोसेव्ह चालू असेल तर कंस मिटायच्या आत पडदा लाल होतो. समेच्या आधीच मान हलवणारा रसिक पुढ्यात बसल्यासारखं वाटतं.

पण लाड केवढे! हॉट मॉड्यूल रिप्लेसमेंटमध्ये फक्त बदललेला तुकडा बदलतो. चाचणीसाठी मी फॉर्ममध्ये टाकलेलं ‘अबक’सुद्धा बहुतेक वेळा जागच्या जागी राहतं. माझं ‘अबक’!

आणि परवा आई निवृत्तिवेतनाचा ऑनलाइन अर्ज भरत होती. एका बोटानं, दर अक्षरागणिक चष्म्यावरून पडद्याकडे बघत. नाव, पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, सगळं झालं. कॅप्चा चुकला आणि अर्ज कोरा. तिनं काही न बोलता पुन्हा आडनावापासून सुरुवात केली. मला संताप आला. आमच्या ‘अबक’ला जपणारी अक्कल आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी इथे का खर्च केली नाही?

“आई, हे टाळता येतं,” मी म्हणालो. “म्हणजे बघ, माझ्याकडे 5173 नावाचा...”

“ते राहू दे रे,” ती म्हणाली. “हा एस आहे की पाच, तेवढं सांग.”