सगळं उडालं, उरला एक

पावसात वीज गेली की आमच्या पनवेलात दोन गोष्टी ठरलेल्या: वडाळे तलावाच्या बाजूने बेडूक सुरू होतात आणि आठवीतल्या भाचीला बीजगणित आठवतं. परवा मेणबत्तीपुढे वही आली. वर क्षचा वर्ग वजा ९, खाली क्षचा वर्ग अधिक ५क्ष अधिक ६. आणि या सगळ्याला भागायचं (क्ष − ३) छेद (क्ष + २) ने.

भाचीबाईंनी वर-खालचे क्षचे वर्ग आधीच उडवले होते, तेही इतके ठासून की कागद फाटला होता.

"दोन्हीकडे आहेत ना, मामा!"

आहेत, पण अधिक-उण्याच्या पंगतीत बसलेल्या एकट्यालाच कसं उठवणार? आधी अवयव पाडायचे, मग काट. म्हटलं, "(२ + ३) छेद २ मधले दोन उडव." उडवले. उरले ३. "आणि खरं उत्तर?"

"अडीच." मग बराच वेळ फक्त बेडूक.

पुढे भाजक उलटा करून गुणला. ही युक्ती कुठल्या क्लासवाल्याची नव्हे, भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त अपूर्णांकांसाठी हेच सांगितलंय. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला होता. आमचा मठ अर्ध्या मेणबत्तीवर चालला होता.

अवयव पडले आणि धमाल उडाली. (क्ष − ३) गेला, (क्ष + ३) गेला, (क्ष + २) सुद्धा गेला.

"सगळं उडालं! उत्तर शून्य!"

"मग झोपा आता," आतून मामी.

नाही गं बाई, एक! शून्य उरतं ते वजाबाकीत. स्वतःला स्वतःनेच भागलं की एक उरतो. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर चाळिशीपर्यंत मलाही आतून पटलेलं नव्हतं.

"आता लिही, क्ष म्हणजे ३ चालणार नाही."

"पण तो कंस उडाला ना!"

उडाला, पण मूळ गणितात तो भाजकात होता. क्षच्या जागी ३ घातले की शून्याने भागणं आलं. भास्कराचार्यांनी अशा राशीला 'खहर' म्हणून अनंताच्या पंक्तीला बसवलं. परीक्षेत मात्र मार्क जातात.

उडालेलाही विसरायचा नसतो हे पटवायला विचारलं, "आपली टॉकीज पाडून किती वर्षं झाली? रिक्षावाल्याला पत्ता काय सांगतेस?"

"टॉकीजपाशी."

तिने मुकाट्याने लिहिलं: क्ष ३ नाही, −३ नाही, −२ नाही. आणि पुढे कंसात, बारीक अक्षरात: टॉकीज.