रॉ मागितली होती

वडिलांनी कोकण रेल्वे सुरू व्हायच्या आधी पानवल नदीवरच्या पुलाचे फोटो काढले होते. 64 मीटर उंचीचा तो पूल, त्याच्यामागे पावसाआधीचं भरलेलं आभाळ. 26 जानेवारी 1998 ला रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तो रोल कपाटात गेला. रत्नागिरीच्या दमटपणात फिल्मला बुरशी धरते, म्हणून यंदा स्कॅन करायला दिला. स्पष्ट सांगितलं होतं, रॉ फाइल द्या.

पेनड्राइव्हवर 36 जेपीजी मिळाल्या. एकेक चार-पाच एमबीची. आभाळ पांढरं फटक.

"रॉ कुठे आहे?"

"काका, रॉच आहे. काहीच एडिट केलेलं नाही."

या उत्तराचा मला मनापासून राग आला. 35 मिमीची एक फ्रेम 4000 डीपीआयला स्कॅन केली की साधारण 21 मेगापिक्सेल होतात. प्रत्येक बिंदूचे तीन रंग, प्रत्येक रंगाला 16 बिट, म्हणजे फाइल सव्वाशे एमबीच्या पुढे जाते. ती पाच एमबीत बसवली, तर मधलं काहीतरी फेकून दिलेलं असतं. माझ्या बाबतीत आभाळ फेकलं. निगेटिव्हमध्ये आभाळाचा भाग सगळ्यात दाट असतो; मशीनने उजेड आपोआप ठरवला आणि तो भाग कापला. तीच पट्टी मी खिडकीशी धरून भिंगातून पाहिली. ढग आहेत, वेगवेगळे मोजता येतात.

डिजिटलवाले मित्र म्हणतात, रॉ मिळाली की व्हाइट बॅलन्स बदल, झालं. तेही चूक आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बहुधा एका बिंदूपुढे लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो. बाकीचे दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंवरून काढतं आणि व्हाइट बॅलन्स ही नुसती सोबतची नोंद असते. फिल्म स्कॅनर तिन्ही रंग जागच्या जागी मोजतो. त्याची रॉ म्हणजे निगेटिव्ह न उलटवता, तिच्या नारिंगी छटेसकट ठेवलेलं मोजमाप. फिल्मचे रंग तर फिल्म बनवताना आणि धुताना ठरून गेलेले असतात. लाइटबॉक्सवर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने टिपली, तर मिळते ती कॅमेऱ्याचीच रॉ. तीही मला चालली असती. फक्त तसं सांगायला हवं होतं.

स्कॅन करून देणाऱ्यांना माझी विनंती आहे. दराच्या पाटीवर नुसतं 'रॉ' लिहू नका. जेपीजी, न उलटवलेली 16 बिटची टिफ, की कॅमेऱ्याची रॉ, ते लिहा. टिफचे जास्त पैसे घ्या, आम्ही देऊ. आणि निगेटिव्ह मोजून परत द्या. माझ्या पट्ट्या सहा होत्या, परत पाच आल्या.