बलकाचा मुकदमा

आठवड्यास तीनपेक्षा अधिक अंड्यांचे बलक भक्षण करू नयेत, असे फर्मान अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ साली काढल्यापासून तो गरीब पदार्थ जो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तो जवळजवळ अर्धशतक तेथेच तिष्ठत होता. आणि पुढे २०१५ ते २०२० या सालांसाठीच्या आहारसंहितेतून अमेरिकी सरकारने दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादाच खारीज केली, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘अंडे निर्दोष’ अशी जी दवंडी पिटली, तीत त्याच दस्तऐवजातला ‘तरीही जपूनच खावे’ या आशयाचा शेरा मात्र गहाळ झाला. वस्तुतः शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करते, आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चढविण्यात बलकाहून संपृक्त मेदाचा, म्हणजे तूप, लोणी, साय, खोबरेल या प्रतिष्ठित मंडळींचा हात मोठा. पण खानदानी घराण्यांवर समन्स बजावण्यास बेलिफ नेहमीच कचरतो.

साजूक तूप ज्यांच्या ऐपतीबाहेर होते त्या लालबाग-परळच्या चाळींत तर निराळाच प्रकार घडला. शेजारच्या शिवडीच्या कारखान्यातला ‘डालडा’ १९३७ पासून आधुनिकतेची सनद मिरवीत घरोघरी शिरला, दिवाळीच्या करंज्या-शंकरपाळे त्यात तळले गेले, आणि रिकाम्या पिवळ्या डब्यांतून गॅलरीच्या कठड्यावर तुळशी डोलू लागल्या. तेलास हायड्रोजनची जोड देऊन ते थिजविताना निपजणारे ट्रान्स मेद एलडीएल वाढवितात आणि वर ‘चांगले’ एचडीएलही घटवितात, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानी येईतो दोन पिढ्या करंज्या खाऊन मोकळ्या झाल्या होत्या. आपल्या सरकारने या मेदावर २ टक्क्यांची मर्यादा घातली ती २०२२ च्या जानेवारीत. (तुळशींना काही अपाय झाल्याची नोंद नाही.)

एवढ्या उलथापालथीत डॉक्टरांचा जुना सल्ला, की रोज चाला, तळण आवरा, डाळी-पालेभाज्या खा, तंबाखू सोडा आणि गोळी दिली असल्यास ती वर्तमानपत्र वाचून बंद करू नका, तिळमात्र ढळलेला नाही; परंतु जे बदलत नाही त्याची बातमी होत नाही, आणि फणसवाडीचे आमचे आप्पा बातमीखेरीज काही गिळत नाहीत. अनशापोटी लसणाची पाकळी, तीवर जवसाची पूड, तीवर ओट्स, असे नवे उमेदवार त्यांच्या दरबारी रुजू होत राहतात, जुना मात्र एकही बडतर्फ होत नाही. लालबागहून आणविलेला ‘डाएट चिवडा’ हा डाएटचा असल्याकारणाने वाटीऐवजी ताटलीने घ्यावयाचा. आणि गिरगावातल्या मिसळीच्या प्रख्यात उपाहारगृहाच्या पाटीवर ‘हेल्थ होम’ अशी अक्षरे ढळढळीत असताना तेथल्या तवंगाविषयी शंका घेणे त्यांस कृतघ्नपणा वाटतो. शिवाजी पार्कला ते प्रभातफेरीस जातात खरे. पण फेरी अर्धी आणि कट्ट्यावरचा परिसंवाद पुरा.

अंडे सुटल्याची वार्ता आली त्या सकाळी आप्पांनी ती आम्हांस सद्गदित कंठाने वाचून दाखविली. आप्पांनी जन्मात अंडे चाखलेले नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात त्याचे नावही काढण्याची सोय नाही. तथापि त्या निकालाचा अर्थ त्यांनी सर्वसाधारण माफी असा लावला, आणि पोऱ्यास हाक मारून दोन प्लेट बटाटेवडे मागविले.