लंबगोल पाहुण्यास, धर्माबादेहून

रा. रा. रग्बीचा चेंडू यांसी,


2025च्या जूनमध्ये अंधेरीत तुमची लीग झाली, ती टीव्हीवर पाहिली. सात-सात गडी, सगळे चिखलातून काढल्यासारखे, आणि मधे तुम्ही, कुठं उड्या माराल त्याचा नेम नाही. तेव्हाच ठरवलं, यांना धर्माबादेला बोलवायचं. देवगिरी एक्सप्रेसनं या. उतरल्या उतरल्या ठसका लागला की समजा बरोबर ठिकाणी उतरलात. मिरचीचं गाव आहे. बासर दिसलं तर मात्र तुम्ही तेलंगणात गेलात.

तुमचा नियम असा, की चेंडू हातानं पुढं टाकायचा नाही, मागं टाकायचा आणि स्वतः पुढं पळायचं. पुण्या-मुंबईची माणसं हे ऐकून चक्रावतात म्हणे. आम्ही नाही चक्रावत. आमच्या गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, 2.74 टीएमसीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या निकालानुसार त्याची दारं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी ठेवायची. म्हणजे पाऊस पडतो तोवर पाणी खाली जाऊ द्यायचं आणि पाऊस सरला की अडवायला बसायचं. या शिस्तीत वाढलेल्या माणसाला तुमचा नियम सोपाच वाटणार. तुमचा स्क्रमही, म्हणजे दोन संघांची एकमेकांना रेटायची झुंज, पाहून झालाय. 2010च्या जुलैत आंध्रचे चंद्राबाबू नायडू आमदार-खासदारांना घेऊन हाच बंधारा बघायला निघाले, तेव्हा आपल्या पोलिसांनी त्या सगळ्यांना धर्माबादच्या आयटीआयत ठेवलं होतं. गावाला तेव्हा जी रेटारेटी दिसली तिच्यात आणि स्क्रममध्ये फरक एवढाच, की स्क्रमला पंच असतो.

खेळाडूंची काळजी नको. कबड्डीत घोटा धरून आडवं करणारी पोरं आहेत. तुम्हाला पाहून पहिला प्रश्न येईल, "सर, हे खरबूज कुठनं आनलाव?" आणि दहा मिनिटांत खरबुजासाठी अंगावर पडतील.

पण तुमच्या आधी काय काय येईल, ते सांगून ठेवलेलं बरं. आधी संघटनेचा शिक्का येईल. मग लेटरहेड, त्यावर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष आणि एक मार्गदर्शक. मग प्रमाणपत्रं. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. त्यामुळं ज्या खेळाचं नाव गावात कुणी ऐकलेलं नाही, त्याला मागणी जास्त. माझ्या ओळखीतल्या एका पोराकडं अशाच एका खेळाचं प्रमाणपत्र आहे. मी विचारलं, "बाळा, हा खेळ कशानं खेळतात?" तो म्हणाला, "काका, लॅमिनेशन करून ठेवलंय." तुम्ही सगळ्यात शेवटी, आलात तर.

रागावू नका, तुमच्या घराण्यातही हेच झालंय. 1872च्या नाताळात कलकत्त्यात साहेबांनी तुम्हाला मैदानात आणलं, क्लब काढला. पाच-सहा वर्षांत गडी पांगले. 1878 साली क्लबनं बँकेतले 270 चांदीचे रुपये काढून वितळवले, नागाच्या मुठींचा आणि झाकणावर हत्ती असलेला कप घडवला आणि विलायतेला धाडून दिला. इंग्लंड-स्कॉटलंड 1879पासून त्याच्यासाठी भांडतात. क्लब बुडाला, कप उरला! हे कळलं तेव्हा वाटलं, माणसं आमच्याकडचीच.

एक गोष्ट मात्र वेगळी ऐकली. बॉम्बे जिमखान्यात तुमचा सराव चालायचा, बाहेर फॅशन स्ट्रीटचा फुटपाथ. तिथली पोरं रोज उभी राहून बघायची. मॅथ्यू स्पेसी नावाच्या खेळाडूनं त्यांना आत बोलावलं, या, खेळा म्हणाला. त्यातून 1999 साली मॅजिक बस ही पोरांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. आत बोलावताना कुणी लेटरहेड मागितलं नव्हतं, हे जरा आमच्या भावी अध्यक्षांच्या कानावर घाला. ते हसतील, पण घाला.

तशी बघणारी पोरं आमच्याकडं भरपूर. पोरीही. पुण्याची वाहबिझ भरुचा 2018 साली भारताच्या पंधरा जणींच्या महिला संघाची कर्णधार झाली, तर धर्माबादेतून एखादी विंगला पळायला काय हरकत? आमच्या या पोरींच्या आया दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. संध्याकाळी हाताची इतकी आग होते की लेकराच्या तोंडाला हात लावता येत नाही. आधी तेल चोळायचं, मग भाकरीला बसायचं. पोरी सुट्टीच्या दिवशी त्याच ढिगाशी बसतात. तुमचा सराव संध्याकाळी सहानंतर ठेवा, त्याआधी कुणी सुटणार नाही.

मैदान? ते आपण बघू. सुगीत जिथं जागा मोकळी दिसेल तिथं मिरची वाळत पडते, पण उरलेल्या महिन्यांत जमेल. उद्घाटनाला मंडप घालायचा झाला तर तोही तिथंच पडेल, आणि मंडप पडला की आठवडाभर निघत नाही. म्हणून मुकाट्यानं या. हवा सोडून पिशवीत बसून या, म्हणजे स्टेशनवर हार घेऊन कुणी उभं राहणार नाही. पंप सायकलवाल्याकडं आहे. सुई तेवढी घेऊन या.

आपला,
एक निवृत्त रेडर

ता. क. : मिरची खुडून आलेला हात टॅकल करताना समोरच्याच्या डोळ्याला लागला, तर तुमच्या नियमांत त्याला पिवळं कार्ड आहे की लाल, तेवढं विचारून या. आमच्या संघाला लागेल.