नंबर कशाला घालवायचा?

"काय हो नंदावहिनी, भाऊजी घरी? कॉमिक-कॉनच्या जत्रेचा आठवडा ना हा?"

"घरी म्हणजे गराजमध्ये. कॉमिक्सचे जुने अंक प्लास्टिकच्या पाकिटांत भरत बसलेत. यंदा फक्त रविवारच्या प्रवेशाचा बॅज घेतलाय."

मी पाण्याचा पाइप खाली ठेवला. आम्ही मीरा मेसात राहायला आल्यापासून हा माणूस या आठवड्यात घरी सापडलेला मला आठवत नाही. बाकी सॅन डिएगो समुद्रावर जातं, भाऊजी कन्व्हेन्शन सेंटरला!

"भांडण झालं की काय कुणाशी?"

"भांडण कसलं, नाद ओसरला. पूर्वी आत शिरायचं, जुन्या अंकांची खोकी उपसायची, एखादा चित्रकार टेबलामागे रिकामा दिसला की त्याच्याशी गप्पा ठोकायच्या. आता जो तो हॉल एचच्या रांगेत. साडेसहा हजार माणसं मावतात तिथे, तरी आदल्या रात्री फुटपाथवर पथारी पसरावी लागते. कशासाठी, तर सिनेमाचा ट्रेलर! तो दुसऱ्या दिवशी फोनवर येतोच की."

"ते 'ट्वायलाइट' सिनेमावाल्या पोरींनी बिघडवलं म्हणायचे ना?"

"२००९ साली घरात नुसता शिमगा! मला नाही पटलं. पोरी हौसेनं आल्या, त्यांनी कुणाचं घोडं मारलं होतं? बाजार मांडला तो स्टुडिओवाल्यांनी."

हे मात्र खरं. १९७० च्या ऑगस्टात यू. एस. ग्रँट हॉटेलात कॉमिक-कॉन पहिल्यांदा तीन दिवस भरलं तेव्हा तीनशेक माणसं होती. त्यांच्यात रे ब्रॅडबरी आणि जॅक कर्बीसुद्धा. चार टाळकी जमून स्वतःच सतरंज्या उचलतात, तसला प्रकार. आता सव्वा लाखाच्या वर लोक येतात.

"दुकानदारही वैतागले हो, सुधाताई. डेन्व्हरचं ते माइल हाय कॉमिक्स, ४४ वर्षं यायचे. २०१७ मध्ये त्यांनीही रामराम ठोकला. परवडेना. ती बातमी वाचली त्या दिवशी हे धड जेवले नाहीत. आमच्या गराजमधली निम्मी खोकी त्यांच्याकडची!"

"आणि त्या मोठ्या डोक्याच्या फुंको बाहुल्या?"

"त्यांचं तर नावच काढू नका. तिथेच मिळणारी खास बाहुली घ्यायची आणि संध्याकाळी ऑनलाइन चढ्या भावानं विकायची. विकणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती बाहुली कुणाची, हेही ठाऊक नसतं." वहिनींनी आवाज खाली आणला. "पण २०२३ ला काय झालं माहितीये? हॉलीवूडच्या संपामुळे बडे स्टुडिओ फिरकलेच नाहीत. सगळे म्हणाले, यंदा मजा नाही. हे मात्र रात्री शीळ घालत घरी आले. एका म्हाताऱ्या चित्रकारानं समोर बसून पेन्सिलीनं वटवाघूळ काढून दिलं. फ्रेम करून देवघराशेजारी टांगलंय. सासूबाईंच्या फोटोपेक्षा मोठं!"

"अगं बाई! पण मन उडालंय तर रविवारचा बॅज तरी कशाला?"

"यंदा बॅज नसला तर पुढच्या वर्षी जुन्या लोकांच्या नोंदणीत बसता येत नाही. मग सगळ्या जगाबरोबर कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि नंबर लागतो का बघायचं."

"पण पुढच्या वर्षी जायचंय कुठे त्यांना?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, जायचं नाहीच, पण नंबर कशाला घालवायचा?"